घुमट, तंबोरा आणि हेडफोन : नाद जुळविण्याचा इतिहास

पेडणे तालुक्यातील मांद्रे, मोरजी, हरमल या किनाऱ्यालगतच्या गावांत चवथीचे दिवस आले की घरोघर घुमटांच्या साथीने आरत्या होतात. घुमट, शामेळ आणि कासाळें यांचा मेळ जमला म्हणजे लहानशा माजघरालाही सभामंडपाचे रूप येते. परंतु आरतीला आरंभ होण्यापूर्वी जे घडते, त्याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. भाद्रपद हा पावसाचा महिना; त्यात समुद्रावरून येणारी ओली हवा. अशा हवेत कातडे सैल पडते आणि नाद बसतो. म्हणून वाजविणारा घुमट उबेला धरतो, बोटांनी ठोकून पाहतो, पुन्हा शेकतो व पुन्हा पाहतो. मनात धरलेला नाद कानी पडला, की मगच तो मांडी घालून बसतो.

त्याच गावातील तरुण मुलगा आज तीच आरती मोबाइलवर ध्वनिमुद्रित करून हेडफोन लावून ऐकतो. ऐकताना खर्ज थोडा वाढवितो, कासाळ्यांचा खणखणाट थोडा कमी करतो. कधी हेडफोनच्या गाद्या बदलतो, तर कधी त्याच्या छिद्रावर कागदी पट्टी चिकटवून पाहतो. घरातील वडीलधाऱ्यांना हा सारा पोरखेळ वाटतो. आमच्या मते तो पोरखेळ नव्हे. घुमट शेकणारा हात आणि हेडफोनची पट्टी चिकटविणारा हात एकाच विद्येच्या मागे लागलेले आहेत. ती विद्या म्हणजे कानापर्यंत पोहोचणारा नाद मनातील खऱ्या नादाशी जुळविणे. भेद आहे तो इतकाच, की जुन्या विद्येला एक स्थिर प्रमाण असे आणि नव्या विद्येत त्या प्रमाणाचा विसर पडण्याचा संभव फार. हा भेद केवळ चर्चेपुरता नाही. घुमटाच्या बाबतीत ते प्रमाणच आपल्या डोळ्यांदेखत मावळत आहे, हे पुढे दिसून येईल.

प्रथम आपल्या वाद्यांकडेच पाहू. घुमट म्हणजे मातीचा घट. त्याला दोन तोंडे. मोठ्या तोंडावर कातडे ताणून बसविलेले असते, लहान तोंड उघडे असते. उजव्या हाताने कातड्यावर आघात करावयाचा आणि डाव्या हाताने ते उघडे तोंड कमीअधिक झाकावयाचे, ही वादनाची रीत. तोंड झाकले की नाद खाली उतरतो, उघडले की वर चढतो. यामागील तत्त्व जर्मन शास्त्रज्ञ हेर्मान हेल्महोल्ट्झ यांनी १८६३ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या नादविषयक ग्रंथात मांडले. पोकळ घटातील हवा स्प्रिंगेसारखी दबते व पसरते, तोंडाशी असलेली हवा वजनासारखी मागेपुढे हलते, आणि या दोहोंच्या मेळातून घटाचा स्वतःचा सूर ठरतो. तोंडाचे माप बदलले म्हणजे सूर बदलणारच. डिचोलीच्या कुंभारांना हेल्महोल्ट्झचे नावही ठाऊक असण्याचे कारण नव्हते. पण घटाचे पोट केवढे ठेवावे आणि तोंड केवढे ठेवावे, हे त्यांच्या हातांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होते.

पखवाजाची गोष्टही अशीच. त्याच्या डाव्या पुडीवर मैफलीपूर्वी ओली कणीक थापतात. कणीक वाढविली की नाद खोल जातो, काढली की उथळ होतो. उजव्या पुडीवरील आणि तबल्यावरील शाईचे कार्य याहून सूक्ष्म आहे. साध्या कातड्यातून मूळ सुराबरोबर जे उपसूर निघतात ते त्याच्याशी जुळत नाहीत. म्हणूनच साधा ढोल सुरात लावता येत नाही. मध्यभागी शाईचे वजन दिल्याने ते उपसूर मूळ सुराच्या पटीत येऊन बसतात. ही गोष्ट चंद्रशेखर वेंकट रामन यांनी आपल्या सहकाऱ्यासह १९२० साली ‘नेचर’ या नियतकालिकात जगापुढे ठेवली. पुढच्याच वर्षी त्यांनी तंबोऱ्याच्या घोडीचा विचार केला. घोडीचा माथा किंचित बाकदार घासावयाचा आणि तारेखाली सुताचा एक धागा सरकवावयाचा, याला आपण जवारी काढणे म्हणतो. धागा केसभर इकडेतिकडे झाला की तार मुकी होते किंवा करकरते. योग्य जागी बसला की एकाच तारेतून सुरांचा पिसारा उलगडतो.

या तिन्ही उदाहरणांत ध्यानात घेण्याजोग्या दोन गोष्टी आहेत. एक, वाद्याच्या अंगावर काही चढवून, काढून, झाकून वा उघडून नादाचे अंतरंग बदलता येते, हे आपल्या लोकांना शास्त्राच्या आधी अनुभवाने कळले होते. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. जवारी काढणारा कारागीर तार छेडतो ती षड्जाशी ताडून पाहण्यासाठी. घुमट शेकणारा ठोकून पाहतो तो सोबतच्या घुमटांशी आणि कानात साठविलेल्या गुरुजनांच्या नादाशी ताडून पाहण्यासाठी. आवडीला तेथे स्थान आहे, पण ती आवड प्रमाणाच्या कुंपणात राहते.

आता यंत्रयुगाकडे वळू. ‘इक्वलायझर’ हा शब्द आज संगीताच्या यंत्रांवर दिसत असला, तरी त्याचा जन्म संगीतासाठी झालेला नाही. दूरध्वनीची तार जसजशी लांब होई, तसतसे बोलणाऱ्याच्या आवाजातील उंच सूर वाटेत क्षीण होत आणि पलीकडच्याला शब्द दबल्यासारखे ऐकू येत. तारेने जे जितके खाल्ले, ते तितके भरून काढून सर्व सुरांना पुन्हा समान पातळीवर आणणारी विद्युत्‌-रचना अभियंत्यांनी तयार केली; समान करणारी म्हणून तिला हे नाव पडले. अमेरिकेतील बेल दूरध्वनी संस्थेच्या ओटो झोबेल यांनी १९२८ साली या विषयावर प्रसिद्ध केलेला प्रबंध मूलभूत मानला जातो. तेव्हा या यंत्राचा मूळ धर्म नादाला अलंकार चढविण्याचा नसून झालेली हानी भरून काढण्याचा आहे, हे विसरता कामा नये.

ध्वनिमुद्रणात या विद्येची गरज लवकरच भासली. १९०२ साली कलकत्त्यास ग्रामोफोन कंपनीच्या फ्रेड गैसबर्ग यांनी गौहर जान यांचे गाणे मुद्रित केले, त्या काळी विजेचा ध्वनिग्राहक नव्हता. गायकाने एका मोठ्या कर्ण्यात तोंड घालून गावयाचे, आणि त्या आवाजाच्याच बळावर सुई मेणात रेघ कोरी. या पद्धतीत दर सेकंदाला सुमारे २५० ते २५०० कंपनांच्या दरम्यानचे सूरच बऱ्यापैकी उमटत. खर्ज आणि आवाजाची झळाळी ही दोन्ही टोके गळून पडत. पेडण्याच्या मालपे गावच्या, १८८३ साली जन्मलेल्या अंजनीबाई मालपेकर यांना १९५८ साली संगीत नाटक अकादमीने आपले सर्वोच्च सदस्यत्व दिले. परंतु त्यांच्या ऐन उमेदीचा काळ हा या कर्ण्याचाच काळ होता. विजेच्या साहाय्याने मुद्रण सुरू झाले ते १९२५ साली, म्हणजे त्यांची चाळिशी उलटल्यावर. आपल्या देवळांच्या आश्रयाने वाढलेल्या कलावंतांच्या एका संपूर्ण पिढीच्या वाट्याला हे अरुंद दार आले. या काळातील कोणतीही तबकडी हेडफोनवर ऐकताना खर्जाचे बटण कितीही फिरविले, तरी तबल्याचा खरा बायाँ तेथे सापडणार नाही. वाढेल ती केवळ घरघर. जे मुद्रितच झाले नाही ते वाढवून मिळत नाही, हा या विद्येचा पहिला नियम होय.

विजेचे मुद्रण आल्यावर निराळा प्रश्न उद्भवला. खर्जाच्या सुरांनी कोरणारी सुई इतकी झोकांड्या घेई, की शेजारची रेघ कापली जाण्याचे भय असे. म्हणून मुद्रण करताना खर्ज मुद्दाम कमी करावयाचा आणि वाजविताना तो तितकाच वाढवावयाचा, अशी युक्ती निघाली. मात्र किती कमी करावयाचा याचे प्रमाण प्रत्येक कंपनीचे वेगळे. १९५४ साली अमेरिकेतील ध्वनिमुद्रिका उद्योगाच्या संघटनेने एकच प्रमाण ठरविले, आणि ते पुढे जगभर रूढ झाले. पण त्यापूर्वीच्या तबकड्या नव्या प्रमाणाने वाजविल्यास गायकाचा गळा कधी पोकळ, कधी जड भासतो, आणि श्रोता मात्र दोष देतो तो गायकालाच. जुन्या गायिकांविषयी ‘आवाज नाकात होता’ असले शेरे ऐकू येतात तेव्हा तो दोष गळ्याचा, कर्ण्याचा की चुकीच्या प्रमाणाचा, हे आधी तपासले पाहिजे. न्यायाचा हा एवढा साधा हक्क त्यांना मिळावयास हवा.

येथे केरीच्या केसरबाई केरकर यांचे स्मरण होते. त्यांनी गायिलेले भैरवीतील ‘जात कहाँ हो’ हे १९७७ साली अमेरिकेच्या दोन व्हॉयेजर यानांवरील सोन्याचा मुलामा दिलेल्या तबकडीत समाविष्ट झाले. या तबकडीबरोबर सुई तर पाठविलीच, शिवाय वेष्टनावर आकृत्या कोरून ती कशी वाजवावी हेही सांगितले. एका फेऱ्याला ३.६ सेकंद लागले पाहिजेत, इतके नेमके. परग्रहावरील अज्ञात श्रोत्यासाठी ज्यांनी ही काळजी घेतली, त्यांना एक सत्य उमगले होते : नाद पाठविताना तो कसा ऐकावा हेही लिहून द्यावे लागते.

हेडफोनचा इतिहास याच सुमारास सुरू होऊन समांतर चालतो. १९१० साली अमेरिकेतील युटा प्रांताच्या नॅथॅनियल बाल्डविन यांनी बनविलेले हेडफोन तेथील नौदलाने घेतले. त्यांचे काम बिनतारी संदेश ऐकण्याचे. संगीताचा संबंध नव्हता. जर्मनीच्या बायर कंपनीने १९३७ साली फिरत्या वेटोळ्याचा, आजच्या धर्तीचा हेडफोन काढला. १९५८ साली मिलवॉकीच्या जॉन कॉस यांनी दोन कानांना दोन वेगळे ध्वनी देणारा हेडफोन खास संगीतासाठी लोकांपुढे ठेवला. आणि १९७९ साली सोनी कंपनीच्या वॉकमनने तो रस्त्यावर आणला. जे संगीत सभामंडपात शंभर जणांनी एकत्र ऐकावयाचे, ते आता एकट्याच्या दोन कानांत येऊन बसले.

या स्थलांतरामुळेच जुळवणीचा प्रश्न बिकट झाला. समोरचा नाद कानात शिरण्यापूर्वी डोके, खांदे आणि कानाची पाळी यांना स्पर्शून येतो. शिवाय कानाची नळी सुमारे अडीच सेंटिमीटर लांब व एका टोकास बंद असल्याने ती स्वतःच एक लहानसे घुमट होय. दर सेकंदाला सुमारे ३००० कंपनांचे सूर ती उचलून धरते. आपल्या मेंदूस या बदलाची जन्मापासून सवय असते. हेडफोन कानाला चिकटला की ही नैसर्गिक वाट बऱ्याच अंशी बंद होते आणि तिची भरपाई कारागिराला करावी लागते. ती किती करावी, याविषयी प्रत्येक कंपनीचे मत निराळे. म्हणून एकच आरती दोन हेडफोनांत दोन प्रकारची ऐकू येते. अमेरिकेतील हरमन कंपनीच्या शॉन ऑलिव्ह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ नंतर अनेक श्रोत्यांवर प्रयोग केले. चांगल्या खोलीत चांगले ध्वनिवर्धक जसे ऐकू येतात त्याच्या जवळ जाणारा हेडफोन बहुसंख्य श्रोत्यांना पसंत पडतो, असे त्यांना आढळले. म्हणजे एकट्याच्या कानालाही अखेर मंडपाचीच आठवण असते.

जुळवणीच्या वाटा दोन. पहिली हाताची. हेडफोनमधील पडद्याच्या मागील छिद्र बुजविले, तर मागची हवा कोंडून तिची स्प्रिंग कडक होते आणि खर्ज बहुधा घटतो. कानाकडील फट बुजविली तर खर्ज वाढतो. घुमटाच्या लहान तोंडावरील डाव्या हाताचीच ही क्रिया. गादी जाड केली म्हणजे पडदा कानापासून दूर जातो. वाटीत कापूस किंवा फेल्टचा तुकडा ठेवला म्हणजे आतील प्रतिध्वनी शोषला जातो. चष्म्याच्या काडीमुळे पडलेली लहानशी फटही खर्ज गळून जाण्यास पुरते. तेव्हा यंत्राला दोष देण्यापूर्वी गादी नीट बसली आहे की नाही ते पाहावे.

दुसरी वाट इक्वलायझरची. त्यात कोणता सूर, त्याच्या आजूबाजूचा किती पट्टा आणि किती डेसिबलने, या तीन गोष्टी ठरवाव्या लागतात. या तिन्ही स्वतंत्रपणे हाताळता येतील अशा रचनेवर अमेरिकेच्या जॉर्ज मॅसेनबर्ग यांनी १९७२ साली निबंध वाचला. वापरताना आपल्या जवारीवाल्यांचा संयम उपयोगी पडतो. वाढविण्यापेक्षा कमी करण्याकडे कल असावा. दोनतीन डेसिबलचा फरकही पुष्कळ असतो. काही वाढविलेच तर एकंदर पातळी तितकी उतरवावी, नाहीतर नाद फाटतो. बदलापूर्वीचा व नंतरचा नाद एकाच मोठेपणाने ऐकून तुलना करावी. कारण जरा मोठा नाद कानाला नेहमीच बरा वाटतो. हळू ऐकताना खर्ज कमी ऐकू येतो, हे हार्वे फ्लेचर आणि विल्डेन मन्सन यांनी १९३३ साली मोजून दाखविले आहे. त्यावर उपाय म्हणून आवाज वाढवीत जाणे मात्र घातक होय. जागतिक आरोग्य संघटनेच्या मर्यादेप्रमाणे प्रौढाने ८० डेसिबलचा नाद आठवड्याला ४० तासांपेक्षा अधिक ऐकू नये, आणि दर ३ डेसिबलच्या वाढीला हा काळ निम्मा होतो.

इतके सांगितल्यावर मूळ मुद्द्याकडे येऊ. या साऱ्या जुळवणीला प्रमाण कोणते? तंबोऱ्याला षड्ज आहे. मग ध्वनिमुद्रित घुमट आरतीला काय आहे? ज्याने आरती प्रत्यक्ष मंडपात ऐकली आहे, त्याची स्मृती हेच तिचे प्रमाण. पेडणे महाल पोर्तुगीज अमलाखाली गेला तो १७८८ साली. तिसवाडी, बारदेश, साष्टीतील देवळांवर सोळाव्या शतकात ओढवलेला प्रसंग त्यामुळे या भागावर आला नाही, आणि येथील देवळांच्या मंडपांतून ही स्मृती एका पिढीकडून दुसरीकडे जाण्यास अनुकूलता राहिली. परंतु घुमटाच्या नादात मधल्या काळात मोठा बदल झाला आहे. परंपरेने घुमटावर घोरपडीचे कातडे असे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने घोरपडीला अभय मिळाले, आणि ते योग्यच झाले. एका मुक्या जिवाच्या हत्येवर देवाची आरती उभी राहावी, असे कोणाही भाविकाला वाटणार नाही. त्यानंतर बोकडाचे कातडे वापरात आले, आणि २०१९ साली गोवा शासनाने घुमटाला राज्याचे वारसा वाद्य म्हणून मान दिला. कातडे बदलले की ताण, वजन, ओलावा धरण्याचा गुण हे सारे बदलते, नादही बदलतो. घोरपडीच्या घुमटाचा नाद ज्यांच्या कानात तरुणपणापासून साठलेला आहे, ती मंडळी आज वृद्ध झाली आहेत.

नव्या वादकाने कोणत्या नादाकडे पाहून आपले घुमट शेकावे, हा खरा प्रश्न आहे. तो जर मोबाइलवरील मुद्रणावरून शिकत असेल, ते मुद्रण कोणी खर्ज फुगवून प्रसृत केलेले असेल, आणि त्याचा हेडफोनही खर्ज फुगविणारा असेल, तर दोनदा फुगलेला तो नादच त्याला घुमटाचा खरा नाद वाटू लागेल. मग बोकडाच्या कातड्याला तो तसाच ताणू वा सैल करू पाहील. घुमटाच्या बोलांमधली मोकळी जागा बुजून जाईल, कासाळ्यांची किणकिण आणि आरतीचे शब्द त्या घुमाऱ्याखाली दडपतील. जुन्या वाद्यवादकांच्या चुका पुढच्या मैफलीत दुरुस्त होत. ध्वनिमुद्रणातील चूक मात्र हजार मोबाइलांतून प्रमाण बनून फिरते.

यावर उपाय अवघड नाही. प्रत्येक देवस्थानाने व आरतीमंडळाने आपल्या आरतीचे निदान एक मुद्रण सभामंडपातच करावे आणि त्याची मूळ प्रत कोणतीही जुळवणी न करता जपावी. मुद्रणाच्या आरंभी तंबोऱ्याचा किंवा पेटीचा षड्ज काही क्षण धरावा, म्हणजे पुढे गती वा सूर ढळल्यास ओळखता येईल. ध्वनिग्राहक कोठे ठेवला, घुमटांवर कातडे कोणते होते, वादक किती होते, हे सोबत लिहून ठेवावे. कोणाच्या घरी १९७२ पूर्वीच्या आरत्यांच्या फिती असतील, तर त्यांना आधी जसेच्या तसे उतरवून घ्यावे आणि घरघर काढण्याचे प्रयोग दुसऱ्या प्रतीवर करावेत. वृद्ध वादकांना त्या ऐकवून ‘नाद असाच होता का?’ असे विचारावे आणि त्यांचे उत्तर टिपून ठेवावे. एवढी शिदोरी जवळ असली म्हणजे तरुणाने हेडफोनवर हवी ती जुळवणी खुशाल करावी. परत येऊन ताडून पाहण्यासाठी त्याच्यापाशी घर असेल.

आणि वडीलधाऱ्यांना आमची एवढीच विनंती, की कागदी पट्टी आणि कापूस घेऊन बसलेल्या मुलाला रागावू नये. त्याला चवथीच्या आदल्या दिवशी घुमट शेकावयास आपल्याशेजारी बसवावे, आणि ‘आता बरोबर’ हे कोणत्या क्षणी म्हणावयाचे ते शिकवावे. तेवढे त्याला एकदा कळले, तर त्याच्या हेडफोनची काळजी आपण करण्याचे कारण उरणार नाही.